शेवया माझ्या, कोफ्ते तुझे

शकू,

तू जाऊन आज चोवीस दिवस झाले. चौदाव्याला तुझ्या शाळेतल्या मोठ्या बाई आल्या होत्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शाळेच्या अंकात बाईंवर चार पानं काढायची आहेत. तुम्ही सख्ख्या बहीण, दोन ओळी लिहून द्या." मी दिल्या. मायाळू होती, हुशार होती, कधी कुणाला दुखावलं नाही, अशा. त्यात खोटं काही नाही. पण तू ते वाचलं असतंस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. म्हणाली असतीस, "अक्का, हे कुणाच्या बहिणीवर लिवलंस गं?"

म्हणून हे दुसरं लिहायला बसले. हे अंकात जाणार नाही. दुपारची भांडी झालीत, आमचे हे शेताकडं गेलेत, दादा गेल्यापासून इथंच असलेली माय पडवीत पडलीय आणि माझ्यापुढं पोरीची अर्धी कोरी राहिलेली वही आहे.

मला तुझा हेवा वाटायचा. तुला ते माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण मी तोंडानं कधी कबूल केलं नाही. आता करते. वाटायचा म्हणण्यातही अर्थ नाही, अजून वाटतो. चौदाव्याला मंडप भरून माणसं होती. जिंतूरच्या भाजीवाल्या बायका होत्या, तुझ्या हाताखालून गेलेली पोरं होती, आता मिशा फुटलेली. ते सगळं बघताना माझ्या मनात काय आलं सांगू? मी गेले तर एवढी येतील का, हे आलं. सख्खी बहीण गेलेली, डोळ्याला पदर लावलेला, आणि आत हे.

मी सातवीत होते आणि तू तिसरीत, तेव्हा मायची कंबर धरली. भाकरी थापायला घरात कुणी नाही म्हणून दादांनी, सख्ख्या बापानं, माझं नाव शाळेतून काढलं. मास्तर घरी आले होते. "पोरगी गणितात चांगली हाय, पाटील, राहू द्या," म्हणाले. दादा म्हणाले, "धाकटी शिकल की." तेवढ्यात ठरलं. मी चुलीपुढं बसून ऐकत होते. पुढं तू मॅट्रिकला बसलीस तेव्हा एसटी चुकली तर पेपर बुडेल म्हणून दादांनी तुला झरीहून परभणीपर्यंत सायकलवर नेलं होतं, रोज, सगळे पेपर संपेपर्यंत. तेच दादा माझ्या सासरी पेडगावला आले की अर्धा तास बसायचे आणि त्यातला निम्मा वेळ परतीची गाडी कधी आहे हे विचारण्यात घालवायचे.

माझ्याकडं एकच गोष्ट होती, स्वयंपाक. तो तुला येत नव्हता. तू केलेल्या भाकरीला कोपरे असायचे. वरण लागायचं. पाहुणे आले की माय म्हणायची, "थोरलीला बोलवा." ते ऐकायला मी पेडगावहून लेकरू काखेत मारून येत होते. सगळी हुशारी तुझी असू दे, चूल माझी आहे, असं मी मनाशी धरून बसले होते.

आणि मग तू डीएडला परभणीला गेलीस आणि खालाबीकडं खोली घेतलीस.

खालाबी एकटीच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, मागची खोली तुला दिलेली. मी माझ्या थोरल्या पोराला डॉक्टरला दाखवायला परभणीला आले होते आणि दुपारी तुझ्याकडं टेकले. तू म्हणालीस, "अक्का, जेवून जा. मी करायले." मला हसू आलं. तू स्टोव्ह पेटवलास. खिमा पाट्यावर वाटून ठेवलेला होता, त्यात आलं-लसूण, कोथिंबीर, डाळ्याचं पीठ. लिंबाएवढे गोळे वळायला लागलीस. हात तेलात बुडवून, तळव्यावर फिरवून. तुझ्या हातांना हे कधी जमायला लागलं ते मला कळलंच नाही. दुसऱ्या पातेल्यात कांदा आणि भरपूर टमाटे शिजून रटरटत होते. गोळे त्यात सोडलेस आणि मी सवयीनं पळी उचलली, तर दारातून खालाबी म्हणाल्या, "नक्को बेटी, चमचा नक्को. कोफ्ते टूट जाते. पतीली हिलाव खाली."

चमच्यानं ढवळायचं नाही, पातेलं धरून नुसतं हलवायचं. चूल सांभाळत माझी इतकी वर्षं गेली होती आणि मला दुसऱ्याच्या खोलीत तुझ्यासमोर कुणीतरी शिकवत होतं.

भाकरीचं पीठ तुझ्याकडं नव्हतं. तू फळीवरचा डबा काढलास. त्यात मी दिलेल्या शेवया होत्या. चैत्रात झरीला येऊन पाटावर वळलेल्या, बाजेवर वाळवलेल्या, जाड हातशेवया. गुळवणी घालून खा म्हणून तुला बांधून दिलेल्या. त्या तू मिठाच्या पाण्यात उकडल्यास, रोवळीत निथळल्यास, थाळीत पसरल्यास आणि वर ते लाल कालवण आणि चार कोफ्ते ओतलेस.

मी म्हणाले, "शेवयांवर कुणी मटण घालतं का?"

"घालून बघ," तू म्हणालीस.

मी दोनदा घेतलं. शेवयांना रस्सा असा धरला होता की एकेक शेवई लाल झाली होती, आणि कोफ्ता दाताला लागायच्या आधीच सुटत होता. तुझं तोंड माझ्याकडं लागलेलं. मी ताटात हात धुतला आणि म्हणाले, "बरं हाय. जरा मिळमिळीत हाय."

मिळमिळीत नव्हतं. तेवढं चांगलं मी तोवर काही खाल्लं नव्हतं, शकू. हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. थोरला ताप उतरल्यासारखा हसत होता आणि मी मात्र पेडगावच्या गाडीत बसून रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, लेकराला जास्त आहे का. मी हो म्हणाले.

आता त्या दिवसाचं लिहिते.

नामांतराचं ते पहिलंच वर्ष. आखाड चालू होता. आखाडात पोरगी बघायला कुणी येत नाही, पण दिगंबररावांना जिंतूरच्या तहसिलीतून तेव्हाच रजा मिळाली होती, म्हणून ते आणि त्यांचे चुलते सकाळच्या गाडीनं झरीला आले. मी दोन दिवस आधीच आले होते. पोहे झाले, चहा झाला, तुला बसवून नाव-गाव विचारून झालं. दुपारच्या गाडीनं ते परत जायचे होते. तर फाट्यावरून माणूस सांगत आला की गाड्या बंद झाल्या, रस्त्यात झाडं टाकलीत, विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडं पेटलंय. बाजारचा दिवस होता, तोही अर्ध्यात मोडला. गिरणी बंद. आता या दोन माणसांना जेवायला घालायचं आणि ठेवून घ्यायचं आलं.

दादांनी उठत्या बाजारातून मटण आणलं. खाटकाकडून खिमाच करून आणला, कारण त्यांनी ठरवलंच होतं. "शकू ते खालाबीचं करती. पाहुण्यांस्नी करून घालू द्या." पीठ दोन भाकरीपुरतंही नव्हतं, म्हणून शेवयांचा डबा निघाला. माय म्हणाली, "थोरली हाय की करायला." दादा म्हणाले, "थोरलीचं आपण नेहमीच खातो."

ते बरोबरच बोलले होते. त्यात टोचावं असं काही नव्हतं. पण मला टोचलं.

आपल्या घरात मटण आत शिजत नव्हतं. मागच्या अंगणात तीन दगड मांडून, वेगळ्या पातेल्यात. तू तिथं बसून केलंस आणि मी वाटण वाटून दिलं, पाणी आणून दिलं, जाळ घातला. ओसरीवर चुलते मोठ्यानं बोलत होते. नाव बदललं तर आपल्या लेकरांच्या सर्टिफिकेटावर काय लिहून येईल आणि हे लोक कुठं जाऊन बसतील, असलं काहीतरी. तू हातातला कोफ्ता थाळीत ठेवलास, उठलीस आणि आतल्या दारात जाऊन उभी राहिलीस.

"माझ्याबरोबर शिकणाऱ्या दोघीजणी त्यांच्यातल्याच हायत," तू म्हणालीस. "बाबासाहेबांचं नाव दिलं तर आपलं काय जातं, काका?"

बघायला आलेल्या माणसांसमोर पोरीनं तोंड उघडलेलं झरीत कुणी पाहिलं नव्हतं. दादांनी मान खाली घातली. दिगंबररावांनी मात्र वर पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तुझ्याकडं नीट पाहिलं, आणि ते मी मागच्या दारातून बघितलं.

माझ्याकडं तसं कधी कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या बघण्याच्या वेळी मी खाली बघत होते आणि आमचे हे पोहे खात होते.

तू परत आलीस, कोफ्ते रश्श्यात सोडलेस. मायनं आतून हाक मारली, वेणी सुटलीय, तोंड धू, वाढायला जायचंय. तू म्हणालीस, "अक्का, जरा बघ. ढवळू नकोस, नुसतं हलव." आणि गेलीस.

तिखटाची बरणी माझ्या हाताशी होती. मीच कुटलेलं तिखट. मी मूठ भरली आणि टाकली. मग आणखी अर्धी. पातेलं धरून हलवलं, अगदी खालाबीनं सांगितलं होतं तसं. एकही कोफ्ता फुटला नाही. रस्सा वरून नुसता जरा गडद झाला. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. आता बघू, असं वाटलं.

चुलत्यांना पहिल्या घासाला ठसका लागला. पाणी, गूळ, पुन्हा पाणी. मायचा चेहरा पांढरा पडला. दिगंबररावांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला होता, नाक लाल झालं होतं, आणि ते खात होते. थाळी संपली. मग ते म्हणाले, "अजून आहे का?"

तू वाढलंस.

"आमच्याकडं सगळं सपक असतं," ते म्हणाले. "माणसानं असं केलं पाहिजे. जिभेला कळलं पाहिजे, आपण जेवलो." चुलत्यांनी गुळाचा खडा गालात धरून त्यांच्याकडं वेड्यासारखं बघितलं.

नंतर पातेल्याच्या तळाशी उरलेलं तू बोटानं चाखलंस. मी भांडी विसळत होते. तू माझ्याकडं बघितलंस आणि पातेलं माझ्यापुढं विसळायला ठेवलंस. गाड्या तिसऱ्या दिवशी सुरू झाल्या. कुठल्या कुठल्या गावांतून कुणाची घरं जाळली, कुणाला मारलं, हे हळूहळू कानावर येत राहिलं. आपल्या घरात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. तू काढत होतीस आणि दादा उठून जात होते. त्याच आठवड्यात जिंतूरहून होकार आला.

त्यानंतरची सोळा वर्षं मी जे भोगलं ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. कारण तू ते कालवण पुढं तसंच करायला लागलीस, तेवढंच तिखट घालून. नवऱ्याला तसंच आवडतं म्हणून. दिगंबररावांचे मित्र यायचे, शाळेतल्या बाया यायच्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, शकूताईचे झणझणीत कोफ्ते. कोफ्त्याचं कौतुक कमी आणि त्या झणझणीतपणाचं जास्त. ती मूठ माझी होती. शेवयाही माझ्या. दरवर्षी चैत्रात मीच वळून जिंतूरला पोचवत होते, कारण तुला शाळेतून वेळ नव्हता. माझं मला मागायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागणार होतं. म्हणून लोकांचं कौतुक ऐकत मी थाळीत बोटं फिरवत बसायचे.

आमच्या ह्यांनी लग्नानंतर कधी माझ्या जेवणाला बरं-वाईट म्हटलं नाही. मीठ कमी असलं तर मीठ घ्यायचे, एवढंच. एका दिवाळीला तुझ्याकडून जेवून आलो आणि दोन दिवसांनी हे म्हणाले, "शकूसारखं ते कर की एकदा." मी त्या दिवशी वरण-भात केला. दुसऱ्या दिवशीही वरण-भात केला. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बरं, राहू दे."

मग ते कालवण पेपरात छापून आलं. बायकांच्या पानावर, तुझं नाव, जिंतूर, आणि खाली सगळी कृती. ह्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. जाड शेवया पाव किलो. खिमा अर्धा किलो. तिखट चार मोठे चमचे, भिऊ नये. माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी लुगडं बदललं आणि गाडी धरली. परभणीला उतरून जिंतूरची गाडी घेतली, आणि तू शाळेतून येऊन कुलूप काढत होतीस तेव्हा मी तुझ्या दारात उभी होते.

"अक्का? काय झालं? माय बरी हाय ना?"

"माय बरी हाय. शेवया कुणी वळल्या, शकू?"

तुला कळलं नाही. मी पेपर पुढं केला. "सगळ्या जिल्ह्यानं वाचलं. यात माझं नाव कुठं हाय? शेवया माझ्या, आणि नाव एकटीचं छापून आणलंस?"

तू पिशवी खाली ठेवलीस. थकली होतीस, आता कळतं. तेव्हाही तुझा चेहरा उतरलेलाच होता. तू पेपर घडी करून माझ्या हातात परत दिलास आणि शांतपणे म्हणालीस, "तुझं नाव घातलं असतं गं. पण मग तिखट कुणी टाकलं तेबी लिवावं लागलं असतं."

म्हणजे तुला माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं. दर चैत्रात मी शेवया घेऊन आले की तू मला पाट देत होतीस, चहा देत होतीस, आणि तुला माहीत होतं.

"बस, पाणी घे," तू म्हणालीस.

मी पाणी घेतलं नाही. आल्या पावली फिरले. त्यानंतर दोन चैत्र मी शेवया पाठवल्या नाहीत. तू दोनदा पत्र टाकलंस, मायच्या नावानं. मी वाचून दाखवलं तिला आणि उत्तरात मायचं तेवढं लिहिलं.

माफी मागायची होती, असं लिहिलं तर छान दिसेल. पण मला राग आला होता. वाईट मी वागले होते, आणि मोठेपणा पुन्हा तुझाच. गप्प राहण्यातसुद्धा तू माझ्यापुढं होतीस.

गेल्या दिवाळीनंतर दिगंबरराव स्वतः पेडगावला आले. दारात चप्पल काढायचंही विसरले होते. म्हणाले, "अक्का, तिला नांदेडला ठेवलंय. पोटात गाठ निघालीय. ती तुमाला बोलवायली."

मी आले. दवाखान्यात तुझ्याजवळ राहिले ते शेवटपर्यंत. तुला तिखट चालत नव्हतं, तेलकट चालत नव्हतं. मी बाहेरच्या पायरीवर स्टोव्ह मांडून दुधात शेवया शिजवत होते, बारीक करून, चमच्यानं भरवत होते. कधी दोन चमचे जायचे, कधी तेही नाही. तुझी मंजू शाळा बुडवून आली की तू तिच्यावर ओरडायचीस. संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिल्याचा पेपर दिगंबररावांनी आणला, तेव्हा तू तो उशाशी ठेवून घेतलास आणि म्हणालीस, "दादा असते तर आज भांडले असते माझ्याशी." मी म्हणाले, "दादा तुझ्याशी कवाच भांडले न्हाईत." तू म्हणालीस, "तेच तर."

ती दुपार त्याच्या नंतरच्या आठवड्यातली. दिगंबरराव औषधाला गेले होते. ऊन खिडकीतून तुझ्या पायांवर आलं होतं आणि मी ते पाय चेपत होते. तू डोळे मिटूनच बोललीस.

"अक्का, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"ते लगीन मोडावं असं तुला खरंच वाटलं व्हतं?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "व्हय," मी म्हणाले. "मोडावं असंच वाटलं व्हतं."

तू हसलीस. दुखत होतं तरी हसलीस. "मलाबी."

मला समजेना. तू डोळे उघडलेस. मग जे सांगितलंस ते मी तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते, कारण माझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नाही.

"मी वेणी घालायला गेलेच नव्हते," तू म्हणालीस. "दारातच उभी व्हते. तू मूठ भरलीस ते बघितलं. मग अर्धी टाकलीस तेबी बघितलं. ओरडणार व्हते. मग म्हणलं, टाकू दे. मला औरंगाबादला जाऊन बीए करायचं व्हतं. अर्ज बॅगेत व्हता. दादांना सांगायची छाती न्हवती. म्हणलं, अक्कानं मोडलं तर बरंच झालं, मला नकार द्यावा लागणार न्हाई."

"आन ते नामांतराचं बोललीस, ते?"

"ते मनातलं व्हतं. ते कुणापुढंबी बोलले असते." तू माझ्याकडं कूस वळवलीस. "पण तिखट तेवढं... मी देव पाण्यात घालून वाढत व्हते, अक्का. आन हा माणूस म्हणतो, अजून आहे का."

आपण दोघी हसलो. नर्स येऊन बघून गेली. हसता हसता माझं रडणं सुरू झालं आणि तू माझ्या हातावर थापटलंस, धाकटी असून. म्हणालीस, "वाईट न्हाई गं गेलं माझं. माणूस चांगला निघाला. पण तो अर्ज मी लय दिवस ठिवला व्हता."

मला विचारायचं होतं, मग ते कालवण सोळा वर्षं तसंच का करत राहिलीस. नवऱ्यासाठी? की दर वेळी ते पातेलं हलवताना तुला मी आठवत होते? चिडून आठवत होते की कशी? आणि सांगायचं होतं की खालाबीच्या खोलीत मी खोटं बोलले, मिळमिळीत नव्हतं. तोंड उघडलं तेवढ्यात दिगंबरराव औषधं घेऊन आले. संध्याकाळी विचारू म्हटलं. संध्याकाळी तुला ग्लानी आली. नंतर कधी शुद्ध आली तरी तेवढं बोलण्याइतकी नाही.

तेव्हापासून एकच चाललंय डोक्यात. ज्या आयुष्यावर मी जळत राहिले, ते तुला नको होतं. तुला हवं होतं ते दुसरंच, बॅगेत घडी करून ठेवलेलं, आणि त्याचा मला पत्ताही नव्हता. मी सातवीतून निघाले तेव्हा किती रडले होते हे तुला चांगलं आठवत होतं, तरी तू तुझं रडणं मला कधी दाखवलं नाहीस. का नाही दाखवलंस? दाखवलं असतंस तर मी तुझा हेवा थोडा कमी केला असता. की आणखी केला असता, कुणास ठाऊक. बीए करणार होती, म्हणून.

मंजू दहावीला जाईल आता. दिगंबरराव म्हणायले, पोरगी पेडगावला ठेवतो, आईविना इथं कशी राहील. मी म्हणाले, मीच जिंतूरला येऊन राहते, तिची शाळा मोडायची नाही. आमचे हे उठून शेताकडं गेले. दोन दिवसांनी म्हणाले, "मायलाबी घेऊन जा, मी इथं करून खाईन." तुझ्या नवऱ्याच्या कौतुकात मी या माणसाकडं नीट बघितलंच नव्हतं, तेही आता लिहून ठेवते.

माय फार थकलीय. तिला कधी वाटतं तू शाळेत आहेस, कधी सगळं लख्ख आठवतं. काल दुपारी तिला लख्ख आठवत होतं. मी तिचे केस विंचरत होते. ती समोर बघत म्हणाली, "दोघीत तीच गुणाची व्हती."

जन्मभर हे ऐकलं की मी हातातलं काम टाकून आत जात आले. दार आपटत आले. काल गेले नाही. फणी तिच्या केसात तशीच होती.

"व्हय माय," मी म्हणाले. "तीच व्हती."

मायनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, हे कोण बोललं अशी. मग पुन्हा समोर बघायला लागली. मी विंचरत राहिले, आणि माझ्या पोटात ते जळायला लागलं, लहानपणापासूनचं, जसंच्या तसं. मी ते थांबवलं नाही. तेवढा वेळ तू गेल्यासारखी वाटत नव्हतीस.